कडक आजीच्या हाताखाली रान शिकायचं असेल तर

मे संपत आला की कल्याण-मुरबाडकडच्या बाजारांत शेवळं या रानभाजीच्या जुड्या दिसायला लागतात. जुडीसोबत मूठभर काकडं असतात, हिरवी, बोरापेक्षा लहान, तोंड वाकडं होईल इतकी आंबट. पहिल्या वर्षी मी जुडी घेतली आणि काकडं "ती नकोत" म्हणून परत केली. विकणाऱ्या म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, माझ्या हातातली जुडी काढून घेतली आणि म्हणाली, "मंग ह्येबी नको नेऊ." पैसे परत. पुढचं गिऱ्हाईक.

माझी गुरू मला अशी भेटली. त्यानंतर चार पावसाळे मी तिच्या पाड्यावर जात राहिलो. तिचं नाव आणि पाडा इथे देत नाही. दिलं तर पुढच्या शनिवारी तिच्या दारात चार गाड्या उभ्या राहतील आणि शिव्या मला बसतील. पण असं कुणाच्या हाताखाली शिकायचं असेल तर काय करावं, कुठे माती खावी लागते आणि कुठे खाऊ नये, हे सांगता येईल.

आधी एक गैरसमज काढून टाका

"रानावर जगायला शिकायचंय" असं ठरवून आलात तर पहिल्याच आठवड्यात हिरमोड होईल, कारण आजीचं घर नुसत्या रानावर चालत नाही. घरात स्वतःचा भात आहे, वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवरची नाचणी आणि वरई आहे, रेशनचा तांदूळ आहे, चार शेळ्या आहेत आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारा मुलगा आहे. रान यांच्यामधल्या फटी बुजवतं. आषाढ-श्रावणात जुनं धान्य तळाला गेलेलं असतं आणि नवं अजून शेतात हिरवं असतं, तेव्हा ताटात भाजी येते ती रानातून. तेल-मिठाचे, शाळेच्या वह्यांचे पैसे येतात ते बाजारात नेलेल्या जुड्यांतून. शिकायचं ते एवढंच आणि याला तीन-चार वर्षं लागतात. महिनाभराच्या सुट्टीत उरकणारं हे काम नाही.

गुरू शोधणं

ऑगस्टच्या आसपास जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात. तिथे जा, चवी घ्या, भाज्यांची नावं कानावर पडू द्या. गुरू मात्र आठवडी बाजारातच शोधा. सलग तीन-चार बाजार एकाच ओळीपाशी घुटमळा. कुणाची जुडी स्वच्छ बांधलेली आहे, कोण गिऱ्हाइकाला "ही आज नको, जून झालीय" असं सांगते, ते बघा. सगळ्यात पक्की खूण म्हणजे बाकीच्या बायका शंका आली की आपली टोपली कुणाला दाखवतात ती. तिच्याकडे जा.

प्रत्येक झाडाला थांबून "हे मधुमेहावर, हे मूतखड्यावर" असं घडाघडा सांगणारा माणूस मी तरी टाळतो. आजीने चार वर्षांत मला एकाही भाजीचा औषधी गुण सांगितला नाही. कशाने घसा खाजतो आणि कशाने पोट बिघडतं, एवढं मात्र सांगितलं.

आणखी एक. बाई आणि बुवा यांचं ज्ञान एकच नसतं. पालेभाज्या, फुलं, मोहोर, साठवण, बियाणं हे बहुतेक बायकांच्या हातात. मध, खेकडे, खोलवरचे कंद, इरल्याच्या कामट्या हे पुरुषांकडे. दोन्ही हवं असेल तर दोन गुरू करावे लागतील, आणि पहिल्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याकडे जाऊ नका.

बोलणी आधी, पाया पडणं नंतर

फुकट शिकवा असं म्हणायचा आपल्याला काहीही अधिकार नाही. तुमच्यामागे फिरलेला तिचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी किंवा न गेलेला बाजार. म्हणून पहिल्याच भेटीत उघड बोला: लावणीला बाईमाणसाचा जो रोज चालू असेल तो मी देईन, शिवाय अंगमेहनत करीन. जुने कपडे, बिस्किटांचे पुडे, पोरांसाठी चॉकलेटं असलं काही नेऊ नका. मी पहिल्यांदा साडी नेली होती. ती तिने सुनेला दिली आणि मला म्हणाली, "परत आनशील तर कोयत्याला धार लावून आन."

मोबाईलचाही निकाल तेव्हाच लावा. माझ्यावर अट होती की रानात मोबाईल पिशवीत राहील. फोटो काढायचा तर टोपली घरी आल्यावर, अंगणात, विचारून. कुठली वेल नेमकी कुठे आहे याचे ठिकाणासकट फोटो कुठेही टाकू नका. करटोलीची एक चांगली जागा म्हणजे त्या घराची हंगामातली कमाई असते.

हाक कशी मारायची हा प्रश्न तिनेच सोडवला. मी "आजी, तुम्ही" म्हणायचो. दुसऱ्या महिन्यात ती वैतागली: "तुमी काय, मी काय तलाठी हाय?" तेव्हापासून "आजी, तू". पण ते तिने म्हटल्यावर. आपण होऊन एकेरीवर जाऊ नका.

पहिला हंगाम चिखलात

रान बघायला मी मृगात गेलो आणि आजीने मला शेतात उतरवलं. चिखलणी, आवण (भाताची रोपं) खणणं, त्याच्या मुठी बांधणं, लावणी. तीन आठवडे कंबर मोडेपर्यंत हेच. भाजीचं नावही नाही. मला वाटलं, फुकटचा गडी मिळाला म्हणून वापरून घेतेय. थोडं तेही होतं, आणि त्यात गैर काही नव्हतं.

पण लावणीच्या बांधावरच माझी अर्धी बाराखडी झाली, हे मला उशिरा कळलं. दुपारी भाकरी खायला बसायच्या आधी ती बांधावरून चालत जायची आणि परतताना ओंजळ भरलेली असायची: कुर्डू, टाकळा, कधी कवळा. मी नुसता तिच्या हाताकडे बघायचो. कुर्डूचा वरचा कोवळा शेंडाच खुडते, खालची पानं ठेवते. टाकळा फुलावर यायच्या आत घेते. एका बांधावरून काहीच घेत नाही. का, ते विचारल्यावर उत्तर आलं नाही. चौथ्या दिवशी त्या बांधावरचं गवत पिवळं पडलेलं दिसलं. शेजाऱ्याने तणनाशक मारलं होतं. आता हा धोका गावोगाव आहे. तेव्हा भाजी कुठली हे कळण्याआधी जमीन कुणाची आणि तिच्यावर काय फवारलंय, ते विचारायला शिका.

तर पायरी अशी: पहिल्या वर्षी लावणी आणि कापणी, दोन्हींना हजर राहा. प्रश्न दिवसाला एकच विचारा, तोही संध्याकाळी.

वर्ष नक्षत्रांनी मोजा

आजीच्या तोंडी जून-जुलै नाही. सगळं नक्षत्रांवर. तुमच्या वहीत दोन्ही लिहा, म्हणजे घोळ होणार नाही.

रोहिणी, म्हणजे २५ मेच्या आसपास. पहिले वळवाचे शिडकावे झाले की शेवळं जमिनीतून वर येतात. पानाआधी कोंब येतो. छत्रीसारखं पान नंतर, पाऊस लागल्यावर, आणि तोवर भाजीचा काळ गेलेला असतो. मृग ७-८ जूनला. कोरळाचा आंबट कोवळा पाला, फोडशी, भारंगीची कोवळी पानं. भारंगी कडू असते, उकडून पाणी टाकून द्यायचं. पहिल्या मोठ्या पुराला मासे ओढ्यातून वर शेतात चढतात, ती वळगण. अंड्यांनी भरलेले मासे असतात. "आदिवासी जेवढं लागतं तेवढंच घेतात" असं शहरात ऐकलं होतं. वळगणीच्या रात्री सगळा पाडा टोपल्या घेऊन ओढ्यात असतो आणि कुणीही हात आखडता घेत नाही. हेही डोळ्यांनी बघा, म्हणजे भाबडेपणा कमी होतो.

आर्द्रा, पुनर्वसू म्हणजे जूनअखेर ते जुलैचा मध्य. टाकळा, कुर्डू, दिंड्याचे कोंब, आणि लावणीची घाई. पुष्य, आश्लेषाकडे करटोली. हिची नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी, फळ फक्त मादीवर. खाली कंद असतो, त्यातून दर वर्षी वेल फुटते. म्हणून नराची वेल "फळ देत नाही" म्हणून उपटणारा माणूस पुढच्या वर्षी रिकाम्या हाताने येतो. चाई या कंदवेलीचा मोहोर मघाच्या आसपास कधीतरी. नेमका दिवस पाऊस ठरवतो.

हस्त-चित्रापासून कापणीची गडबड, तेव्हा रान मागे पडतं. मार्गशीर्षापासून कंद. फाल्गुन-चैत्रात मोह पडतो. फुलं रात्रभर टपटपत राहतात, पहाटे वेचावी लागतात. खालचा पाचोळा जाळून जमीन साफ करायची सवय पुष्कळ ठिकाणी आहे आणि तिच्यातूनच वणवे लागतात. आजी खराट्याने झाडते. मला झाडायला लावते, असं म्हणणं जास्त खरं. त्यानंतर राबाची तयारी, म्हणजे पाला, शेण, गवत पसरून रोपाची जागा भाजणं. बियाणाला ऊन देऊन राखेत घालून ठेवणं हे तिचं एकटीचं काम. तिथे अजून मला हात लावू देत नाही. हे बियाणं राखायचं शहाणपण शाळेबाहेरचं आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी.

ओळखायचं कसं

पुस्तकातला फोटो फुलावर आलेल्या झाडाचा असतो, आणि भाजी फूल यायच्या आधी खायची असते. घोळ इथेच होतो. म्हणून एकच झाड चार अवस्थांत बघा: कोंब, कोवळं पान, फूल, फळ. एक पूर्ण वर्ष एकाच झाडाकडे परत परत जा, आणि तोवर ते स्वतःहून खाऊ नका. पहिल्या वर्षाला पाच भाज्या पुरे. मी वीस धरल्या होत्या, नीट आल्या तीन.

टाकळ्याचं उदाहरण घ्या. पानाला पर्णिकांच्या, म्हणजे एकाच पानातल्या छोट्या पानांच्या, तीन जोड्या असतात, प्रत्येक पर्णिका टोकाला गोलसर. त्याच बांधावर कासविंदा उगवतो. त्याच्या जोड्या जास्त आणि पर्णिका टोकदार. कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया लहान मुलांच्या जिवावर बेततात. कोवळेपणी घाईत खुडताना दोन्ही मुठीत येतात. आजी बोटाने पर्णिकेचं टोक चाचपते, बघतसुद्धा नाही.

कंदांचं गणित आणखी अवघड. चाईचं पान तीन-पाच पर्णिकांचं, वेलीला बारीक काटे. कडू करांद्याचं पान एकटं, हृदयाच्या आकाराचं, आणि वेलीवर पानांच्या बगलेत छोटे करांदे लोंबतात. कळलावीच्या पानाचं टोक सुतासारखं वळून आधाराला धरतं. तिचा कंद नांगराच्या फाळासारखा आणि जीवघेणा विषारी. पावसात या तिघी सहज वेगळ्या दिसतात. पण कंद खणायचा हिवाळ्यात, तेव्हा पानं गळून वेल दोरीसारखी वाळलेली असते. म्हणून पावसातच वेल ओळखून तिच्या बुडाशी दगडांची खूण करायची आणि थंडीत त्याच खुणेवर खणायचं. खूण नसेल तर खणायचं नाही, मग कितीही खात्री वाटो. कंदाचा वरचा डोळ्याचा तुकडा परत खड्ड्यात ठेवून माती ओढायची. कडू करांदा घरी आणल्यावर पातळ चकत्या करून राखेच्या पाण्यात उकडतात आणि टोपलीत घालून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवतात. यातली एकही पायरी गाळायची नाही.

अळंब्यांच्या बाबतीत माझा सल्ला सरळ आहे: पहिली तीन वर्षं हात लावू नका. वारुळावरची अळंबी आजी आणते तेव्हा तिच्या ताटातली खा. लसूण काळी पडली नाही, चांदीचं नाणं काळं पडलं नाही म्हणजे अळंबी चांगली, ही परीक्षा साफ खोटी आहे.

शेवळाची गोष्ट

दुसऱ्या वर्षी आजीने माझ्यापुढे शेवळाची जुडी टाकली आणि विळी सरकवली. बाहेरचं आवरण सोलायचं. आतला दांडा खालून वर बघत जायचं. जिथे बारीक दाणेदार पिवळा भाग लागतो तो काढून फेकायचा. उरलेलं अगदी बारीक चिरायचं, तेलात चांगलं परतायचं, आणि काकडं ठेचून त्यांचा रस घालायचा. काकडं नसतील तर चिंच किंवा आमसूल. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात. म्हणून आंबट लागतंच. सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांत हीच भाजी कोलंबी घालून होते, पण आंबटाशिवाय तीही होत नाही.

मी दोन दांड्यांचा पिवळा भाग नीट काढला नाही. आजीला ते दिसलं होतं, हे मला नंतर कळलं. तिने माझ्या हातची भाजी वेगळ्या टोपात शिजवली आणि फक्त मला वाढली. तिसऱ्या घासाला जिभेवर मुंग्या, मग घशात कुसळं भरल्यासारखं झालं. तिने ताक पुढे केलं आणि म्हणाली, "आता इसरशील?" अजून विसरलो नाही.

असं शिकवणं मला पटतं का? खाजेपुरतं पटतं. जीव जाईल अशा गोष्टीत तिने असा खेळ कधी केला नाही. कळलावी दिसली की ती माझं मनगट धरायची.

रागावणं कसं वाचायचं

फोडशी खुडताना मी एकदा कंदासकट उपटली. गवतासारखी पानं, ओढली की पांढरे जाडसर मुळ्यांचे झुबके वर येतात. आजीने भर पावसात मला ती परत लावायला लावली, एक एक करून, सतरा झुबके. मग फोडशी कशी घ्यायची ते दाखवलं: डाव्या हाताने माती दाबून धरायची, उजव्या अंगठ्याच्या नखाने जमिनीलगत पान तोडायचं. त्यानंतर दोन दिवस बोलली नाही. त्या दोन दिवसांत मी दुखावलो, चिडलो आणि परत जायचं ठरवलं. गेलो नाही, कारण तिसऱ्या सकाळी तिने न विचारता माझ्या हातात टोपली दिली.

माझ्या खुडलेल्या भाजीतून तिच्या नातवाला वाढलं जातं. मी ओरबाडलेल्या जागी पुढच्या वर्षी तिला जायचं असतं. तिचा राग या दोन गोष्टींवरून असेल तर मान खाली घालून ऐका, समजावून सांगायला जाऊ नका.

पण कडक आणि त्रासदायक यांत फरक आहे. गुरू दारू पिऊन अंगावर येत असेल, पूर्ण हंगाम राबवून काहीच दाखवत नसेल, दर वेळी ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागत असेल, तर हिशोब चुकता करून नमस्कार करून निघा. अनोळखी काही खायला दिलं तर "आधी तू खा" म्हणायची लाज वाटू देऊ नका. आजीला यात अपमान वाटत नाही. उलट तिनेच ही सवय लावली.

कायदा आणि दवाखाना

थोडक्यात, पण टाळू नका. गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून रानातलं बाकीचं, गोळा करण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना दिला आहे. तो तुमचा नाही. तुम्ही खुडलेलं तिच्या टोपलीत जातं, त्यातलं तिने दिलं तर तुमचं. तानसा किंवा भीमाशंकरसारख्या अभयारण्याच्या हद्दीत नियम आणखी कडक, तिथे आधी वनरक्षकाला विचारा. ससा, घोरपड, रानडुक्कर यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. कुणी "चल, रात्री दाखवतो" म्हणालं तर झोप आलीय म्हणा.

पावसात गमबूट घाला, हातात काठी ठेवा, दगड आणि पाचोळ्यात आधी काठी घाला, मग हात. फुरसं पाचोळ्याच्या रंगाचंच असतं. साप चावला तर मांत्रिक नाही, चिरा देणं नाही, सरळ सरकारी रुग्णालय. जवळ प्रतिसर्पविष कुठे मिळतं ते पावसाळ्याआधी विचारून ठेवा. काही खाऊन बाधलं तर उरलेली भाजी आणि शक्य तर झाडाची फांदी सोबत न्या.

वही

रोज रात्री चार ओळी. गावातलं नाव, कुठल्या नक्षत्रात, कुठला भाग, कसा खुडला, कसा शिजवला, काय चुकलं. नावावर विसंबू नका. जिला एका पाड्यावर कुलू म्हणतात ती दुसरीकडे फोडशी, तिसरीकडे आणखी काही. आजीच्या परवानगीने एक फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि जवळच्या महाविद्यालयात वनस्पतीशास्त्राच्या शिक्षकांना दाखवून शास्त्रीय नाव लिहून घ्या. आजीने माझी वही एकदा उलटी-सुलटी करून पाहिली. तिला वाचता येत नाही. तिने दाबलेल्या पानांचा वास घेतला आणि एक पान बाहेर काढलं: ते मी चुकीच्या नावाखाली ठेवलेलं होतं.

एकट्याने जायची वेळ

ती वेळ तुम्ही ठरवत नाही. चौथ्या पावसात, पुनर्वसूत, पाय दुखतोय म्हणून आजी घरी बसली आणि मला टोपली घेऊन पाठवलं. पाय खरंच दुखत होता का, माहीत नाही. तीन तासांनी टाकळ्याने भरलेली टोपली घेऊन आलो. तिने पोतं अंथरलं, टोपली उपडी केली आणि बोटांनी भाजी विस्कटत गेली. मी दारात भिजत उभा. बराच वेळ काही सापडलं नाही. मग एक काडी काढून तिने माझ्या हातावर ठेवली. पर्णिका टोकदार होत्या.

"ही कुनाच्या घरातली?"

"कासविंदा."

"ठावं हाय, मंग आनली कशाला?"

उरलेला टाकळा तिने धुऊन चिरायला घेतला आणि त्या दिवशी सगळ्यांनी तोच खाल्ला. बाजाराला न्यायच्या जुड्या मात्र तिने अजून मला बांधू दिलेल्या नाहीत.